शाळा चालवतं कोण? आणि कॉलेज?

एक छोटी टेस्ट. तुमच्या कॉलेजच्या सीडीसीवर, म्हणजे महाविद्यालय विकास समितीवर कोण कोण आहे, सांगता येईल? शेवटची मीटिंग कधी झाली? त्यात काय ठरलं? बहुतेकांचं उत्तर 'ही काय भानगड असते?' असंच असणार. आता हाच प्रश्न जरा लांब, जिल्हा परिषदेच्या एका शाळेत नेऊन बघू.

पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात कन्हेरसरजवळ जालिंदरनगरची शाळा आहे. काही वर्षांपूर्वी तिचा पट तीनवर आला होता. एवढ्या पटाच्या शाळेचं पुढे काय होतं, हे वेगळं सांगायला नको. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले, गावकरी सोबत उभे राहिले आणि पट शंभरापलीकडे गेला. २०२५ मध्ये 'टी-फोर एज्युकेशन' या संस्थेच्या जागतिक शाळा पुरस्कारांत, लोकांच्या मतदानातून दिला जाणारा 'कम्युनिटी चॉइस' पुरस्कार या शाळेला मिळाला. बातम्या आल्या, स्टेटस लागले, कौतुक झालं.

पण ही शाळा स्पर्धेत कोणत्या गटात होती, ते बघा. 'समाजाचा सहभाग'. तिथली 'विषयमित्र' पद्धतही याच धाग्यातली. मुलं वेगवेगळ्या इयत्तांची असली तरी एकमेकांना शिकवतात. ज्याला जे येतं, ते त्याने दुसऱ्याला द्यायचं. म्हणजे शिकवण्याची मक्तेदारी गुरुजींकडे नाही आणि शाळेची काळजी एकट्या गुरुजींची नाही.

कायद्यात आहे, कागदावर आहे

गंमत म्हणजे यासाठी एखाद्या अवलिया शिक्षकाची वाट बघायची गरज नव्हती. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं, ही तिची कामं. आपल्याकडे अध्यक्ष पालकांमधला असतो, मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. कागदावर बघितलं तर यापेक्षा लोकशाही काय असते!

मग अडतं कुठे? मीटिंग दुपारी असेल तर मजुरीवर जाणाऱ्या आईचा रोज बुडतो. आराखडा, अनुदान, उपयोगिता प्रमाणपत्र ही भाषा कुणी समजावून सांगत नाही. 'मास्तरांना जास्त कळतं' म्हणून लोक गप्प बसतात. मुख्याध्यापक ऑनलाइन माहिती भरण्यात बुडालेले. शेवटी रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात, मीटिंग 'झाली'. यात कुणी एक व्हिलन नाही. ज्याच्याकडे माहिती नाही, त्याला खुर्ची देऊन उपयोग नसतो, एवढाच याचा अर्थ.

दुसरीही बाजू आहे. 'सहभाग' म्हणजे गावाने फक्त वर्गणी काढायची, असं होऊ लागलं तर सरकार अलगद बाजूला होतं. वर्गखोली, शिक्षक, स्वच्छतागृह ही सरकारची जबाबदारी आहे, ती गावाच्या खिशावर ढकलून चालणार नाही. शिवाय सगळं एका मुख्याध्यापकाच्या जिवावर उभं असेल तर त्यांची बदली झाल्यावर काय? म्हणूनच निर्णय वाटून घ्यायचे. गुरुजी बदलले तरी समितीतल्या पालकांना आराखडा तोंडपाठ असेल, तर शाळा एकदम मागे जात नाही.

आता आपल्याकडे या

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ चं कलम ९७ काढून बघा. सीडीसीत संस्थेचे पदाधिकारी असतात, शिक्षकांनी निवडून दिलेले तीन प्रतिनिधी असतात, शिक्षकेतर कर्मचारी असतो आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिवही असतात. प्राचार्य सदस्य-सचिव. बजेट, नवे कोर्सेस, विद्यार्थी कल्याण, कॅम्पसची सुरक्षा हे सगळं या समितीसमोर यायला हवं. म्हणजे लायब्ररी किती वाजता बंद होणार, यावर बोलायची जागा तुमच्याकडे आहे. निदान कायद्यात तरी.

पण तिथे बसणारा विद्यार्थी तुमचा प्रतिनिधी कधी ठरतो? तुम्ही निवडला तर. कॅम्पसमधल्या हिंसाचारानंतर १९९४ च्या कायद्याने थेट निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेवर नेमणूक सुरू झाली. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीचा रस्ता पुन्हा उघडला. २०१९ मध्ये त्या होतील असं वाटत होतं. त्या पुढे ढकलल्या गेल्या, मग कोविड आला आणि विषय मागे पडत गेला. राडा होईल ही भीती खोटी नाही. पण मतदान करायचं वय १८ आणि जीएस निवडायला मात्र आपण लहान, हे गणित पटत नाही.

निवडणुका कधी होतील ते आपल्या हातात नाही. पण काही गोष्टी आहेत. ऑफिसमध्ये जाऊन सीडीसीच्या सदस्यांची यादी मागा. मागच्या मीटिंगचं इतिवृत्त नोटीस बोर्डवर लावा, असा अर्ज पाच-दहा जणांच्या सहीने द्या. वर्गात विषयमित्र सुरू करायला तर कुणाची परवानगीही लागत नाही. ज्याला अकाउंट्स जमतं त्याने चार जणांना घेऊन बसावं, बस्स.

आणि दिवाळीत गावी गेलात तर तुमच्या जुन्या शाळेच्या समितीत कोण आहे, ते विचारा. कदाचित तुमची काकू किंवा शेजारच्या वहिनी सदस्य असतील आणि त्यांनाही ते फक्त सहीपुरतं माहीत असेल. त्यांच्याबरोबर अर्धा तास बसून तो आराखडा वाचून काढा. कायद्याने त्यांना दिलेला अधिकार त्यांच्यापर्यंत पोहोचवायला तेवढंही पुरेल.