न चाललेल्या गाडीचं सर्व्हिसिंग

गाडी फारशी चालतच नाही, मग दरवर्षी सर्व्हिसिंग कशाला, हा सवाल हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने विचारला जातो. तो विचारणाऱ्या एका गृहस्थांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: वार्षिक सर्व्हिसिंग ही गिऱ्हाइकाला लुटण्याची सोय आहे. एर्टिगा, इनोव्हा, ईको अशा घरगुती गाड्या आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असतात, वर्षाकाठी जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर धावतात. ऑइल काळं पडलं की बदलावं, काही वाजायला लागलं की मेकॅनिककडे न्यावं. जुनी ओम्नी कोण तारीख पाहून सर्व्हिसिंगला नेत होतं?

यातला बिलाबद्दलचा राग खरा आहे, त्याकडे पुढे वळू. बाकीचा सगळा युक्तिवाद चुकीचा आहे, आणि तो ऐकून लोक भरल्या गाडीने घाट उतरतात म्हणून धोक्याचाही आहे.

ऑइलच्या रंगाचं आधी पाहू. डिझेल इंजिनातलं नवं ऑइल काही शे किलोमीटरांतच काळं होतं. काजळी इंजिनात साचू नये म्हणून ती स्वतःत धरून ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे. उलट पेट्रोल गाडीचं ऑइल वरून स्वच्छ दिसत असतानाही त्यातली रसायनं संपलेली असू शकतात. दोन किलोमीटरवरच्या शाळेपर्यंत जाऊन बंद होणारं इंजिन पुरतं तापत नाही. मग न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरतो आणि तिथेच राहतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांची तर वेगळीच अडचण आहे. धुराड्यातल्या फिल्टरमध्ये, म्हणजे डीपीएफमध्ये, साठलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. गल्लीबोळात ते काम अर्धवट राहतं, पुन्हा पुन्हा सुरू होतं, आणि त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवरची पातळी चढलेली दिसते. ‘ऑइल कमी झालेलं नाही’ म्हणून समाधान मानणारा मालक पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवत असतो.

पण ‘वाजल्यावर बघू’ या वाक्याला सगळ्यात मोठं उत्तर आहे ब्रेक ऑइल. ते वाजत नाही. ते हवेतला ओलावा शोषतं. टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांतून, गाडी उभी असताना सुद्धा. किलोमीटरशी त्याचा संबंध नाही. डॉट-३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणूनच बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तकांत ते दोन वर्षांनी बदला असं लिहिलेलं असतं, मग गाडी कितीही चाललेली असो.

आता सात माणसं आणि सामान भरलेली, पावणेदोन टनांच्या आसपासची एर्टिगा गणपतीला कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे उतरते असं धरा. चालक गिअर खाली न आणता वळणावळणावर ब्रेक दाबतो. डिस्क तापते, उष्णता कॅलिपरमध्ये उतरते, तिथल्या ऑइलमधलं पाणी उकळून वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा घट्ट लागतं, त्यामुळे खाली पोचल्यावर मेकॅनिकलाही सहजी काही सापडत नाही.

ब्रेक ऑइल बदलण्याचं, म्हणजे ब्लीडिंगचं, काम कसं होतं ते एकदा गॅरेजमध्ये उभं राहून पाहावं. एक पोरगा आत बसून पेडल पंप करतो आणि दाबून धरतो. दुसरा चाकामागचं निपल पान्याने सैल करतो. पारदर्शक नळीतून आधी कोऱ्या चहाच्या रंगाचं जुनं ऑइल येतं, मध्येच बुडबुडे, मग फिकट पिवळं नवं. निपल आवळलं की आतल्याला ‘सोड’ म्हणून हाक. चारही चाकांना हेच. गृहस्थांना खटकणाऱ्या बिलातली ही एक ओळ असते, आणि ती सगळ्यात स्वस्त ओळींपैकी एक असते.

टायमिंग बेल्टही वाजत नाही. २००५ साली आलेल्या पहिल्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेल इंजिनात तो होता. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं.

ओम्नीचा दाखला तर उलटाच पडतो. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली आणि २०१९ पर्यंत चाललेली ही ७९६ सीसीची गाडी साधी होती, बिनदेखभालीची नव्हती. कार्ब्युरेटरच्या काळात पुढची सीट उचलून प्लग साफ करणं, पॉइंट घासणं, ट्यूनिंग करून घेणं वरचेवर चालायचं. त्याला कोणी सर्व्हिसिंग म्हणत नसेल, पण होत तेच होतं. याच मताच्या मंडळींनी पूर्वी कूलंटऐवजी नळाचं पाणी चालतं असाही हट्ट धरला होता. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि गंज रोखणारं त्यात काही नसतं, हे कितीदा सांगितलं तरी वाद तिथेच.

राहिला बिलाचा राग. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, फोम क्लीनिंग असली कामं न विचारता जोडली जातात, हे खरं आहे. त्याला उपाय पुस्तक वाचणं हाच. ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असा तक्ता त्यात असतो. त्याबाहेरच्या कामाला कारण विचारावं, पटलं नाही तर नको म्हणावं. वॉरंटी संपल्यावर ओळखीचं गॅरेजही चालतं, फक्त ऑइल पुस्तकातल्याच प्रतीचं हवं. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राखेचं लागतं. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढलं का, हेही विचारावं. आणि कोकणात जायचं असेल तर ब्रेकचं काम श्रावणातच उरकावं, कारण गणपतीच्या आदल्या आठवड्यात गॅरेजला रांग लागते आणि त्या घाईत चारही चाकांचं ब्लीडिंग नीट होत नाही.