करपे यांचे शेत आणि लेविनचे सूत्र

मानसशास्त्राच्या इतिहासावरील बहुतेक थ्रेड एकाच वाटेने जातात. १८७९ मधील लाइपझिगची वुंटची प्रयोगशाळा, मग व्हिएन्नातील फ्रॉइड, १९१३ पासून वॉटसनचा वर्तनवाद आणि शेवटी बोधात्मक मानसशास्त्राची सरशी. जणू प्रत्येक नव्या संप्रदायाने जुन्याला पदच्युत केले! यवतमाळातून पाहता ही वंशावळ मला अपुरी वाटते.

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी वर्ध्याजवळील दत्तपूर येथे स्वतःचे आणि पत्नी व चार मुलांचे आयुष्य संपवले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आजही अन्नत्याग केला जातो. हे दुःख नेमके कोठे वसत होते, मनात की शिवारात?

फ्रॉइडने ते अबोध मनात शोधले असते. अल्बर्ट एलिसने अविवेकी धारणांत. एलिसचा विचार कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवला, आणि त्याला मी कमी लेखत नाही. प्रतिकूलता खरी असते, हे एलिस नाकारत नाही. तरीही उपचार होतो तो एकट्या माणसावर. कर्ज, कोरडवाहू कापूस आणि बाजारभाव दाराबाहेरच तिष्ठत राहतात.

येथे कुर्ट लेविन आठवावा. आपल्या टिपणांत गेस्टाल्ट म्हणजे दृष्टिभ्रमाच्या चार आकृत्या; त्याच परंपरेतला लेविन एका ओळीत आटोपतो. पहिल्या महायुद्धात लढलेल्या या माणसाने १९१७ मध्ये युद्धभूमीच्या निसर्गावर एक निबंध लिहिला. एरवी चहूकडे पसरलेला मुलूख आघाडीकडे जाणाऱ्या सैनिकाला दिशा आणि सीमा असलेला दिसू लागतो, हे त्याचे निरीक्षण. पुढे १९३६ मध्ये त्याने सूत्र मांडले: वर्तन हे व्यक्ती आणि तिचा परिसर या दोहोंचे फलित असते. हप्ता थकलेल्या शेतकऱ्याला स्वतःचेच वावर कसे दिसत असेल, हे विचारण्याची सोय मला या सूत्रातच सापडते.

शासनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा सेविका घरोघरी जाऊन तणावग्रस्त शेतकऱ्यांचा शोध घेतात, पुढे समुपदेशन मिळते. हे काम मोलाचेच आहे. परंतु लेविनला प्रमाण मानायचे, तर पीककर्जाची फेररचना आणि विम्याचा रखडलेला दावा हेही त्याच समुपदेशनाच्या कक्षेत यायला हवेत. उपकार म्हणून नव्हे, उपचाराचा भाग म्हणून.

(मन खचले असेल तर टेलिमानस: १४४१६.)