पाच मिनिटे आधी पोचवल्याबद्दल आभार

एका विमान कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांस,

महोदय,

तिन्ही तक्रारींना आपल्याकडून एकच उत्तर आलं: ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ मोल कळलं, म्हणून आता चारचौघांत लिहितो.

मुंबई विमानतळ ते नागपूरचं आमचं सोनेगाव विमानतळ, हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर. तुमचं जेट विमान उंचीवर गेलं की ताशी 800 किलोमीटरच्या आसपास उडतं. चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंतचं रांगणं धरून सव्वा तासाचा मामला. तिकिटावर छापता 1 तास 40 मिनिटं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते, निघताना रांग लागते, सगळं मान्य. त्यासाठी दहा मिनिटं जास्तीची घ्या. पण घेता किती?

वर्षभर वहीत नोंदी ठेवल्या आहेत. मुंबईहून नागपूरला 22 वेळा आलो. त्यात 9 वेळा विमान 15 ते 30 मिनिटं उशिरा हललं आणि त्या 9 पैकी 7 वेळा ‘वेळेवर’ पोचलं. 3 मार्चला तर 25 मिनिटं उशिरा निघून आपण 5 मिनिटं आधी पोचवलंत, वर तशी घोषणाही केलीत. म्हणजे प्रवास झाला 1 तास 10 मिनिटांत. मग उरलेला अर्धा तास कोणाचा? शिवाय 15 मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरतच नाहीत, ती सवलत वेगळी. असा पाऊण तास आधीच खिशात घालून वक्तशीरपणाच्या जाहिराती करायच्या! रेल्वेसुद्धा शेवटच्या स्थानकाआधी वेळ वाढवून ठेवते, पण तिनं त्यासाठी कधी टाळ्या मागितल्या नाहीत.

आणि जिथे हा खिसाही पुरत नाही, तिथली हुशारी बघा. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला 2 तास उशीर झाला, तर प्रवाशांना खाणंपिणं द्यायचं, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. 11 जुलैला आपण आधी 40 मिनिटांचा उशीर कळवलात, मग आणखी 35, मग आणखी 40. बेरीज 1 तास 55 मिनिटं. ज्यानं हा हिशेब बसवला त्याला बढती द्या. माझ्या शेजारी सत्तरीच्या आजी होत्या, मधुमेहाच्या. त्यांना बिस्किटांचा पुडा मी आणून दिला.

तेव्हा एवढंच करा. तिकिटावर अंतर छापा, हवेतला वेळ वेगळा छापा आणि जमिनीवरचा वेगळा. काय विकत घेतोय, ते आम्हाला कळू द्या. उशीर होणार असेल तर तो एकदाच, पूर्ण सांगा.

चौथी तक्रार पाठवून 52 दिवस झाले. उत्तराला आपण नियोजित वेळ किती धरता, निदान तेवढं कळवावं.

आपला,
एक नागपूरकर प्रवासी