दादा, आधी रीडिंग स्टेडी होऊ दे!

संपादक मंडळाने मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी "नको रे बाबा" म्हटलं होतं. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. पण हा विषय घरचा आहे आणि घरी आम्ही मराठीतच भांडतो. तेव्हा चुका सांभाळून घ्या.

विषय आहे केस. हसू नका! आपल्या होस्टेलवर प्लेसमेंटच्या खालोखाल चर्चा याच विषयावर होते. बोअरचं पाणी, मेसचं तेल, एम-थ्रीचा पेपर... प्रत्येक विंगची केस गळण्याची थिअरी वेगळी. (बहुतेक मुलांच्या बाबतीत खरं कारण आनुवंशिक असतं. डीएचटी नावाचं हार्मोन डोक्याच्या पुढच्या आणि वरच्या भागातली केसांची मुळं हळूहळू बारीक करत नेतं. पाण्याला शिव्या घाला, पण गुन्हेगार ते नाही.)

तर माझा मावसभाऊ. आम्ही त्याला दादाच म्हणतो. वय २६, हिंजवडीत नोकरी. आठ महिन्यांपूर्वी त्याने हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं, २४०० ग्राफ्ट. मावशीला पत्ता नव्हता. टोपी घालून जेवायला बसला तेव्हा बिंग फुटलं. कारण एवढंच, की लग्नाचं बघायला सुरुवात होणार होती आणि बायोडेटाला लावायला त्याच्याकडे पाच वर्षांपूर्वीचाच फोटो होता. मला हे कारण अजिबात क्षुल्लक वाटत नाही. "दिसण्यात काय आहे" असं त्याला सांगणारे सगळे काका भरगच्च केसांचे होते, हेही नोंदवून ठेवतो.

आता पुढची रेघ छान आलीये. पण रेघेच्या मागे, ट्यूबलाइटखाली, डोक्याची कातडी दिसते. तेवढ्यात क्लिनिकचा फोन आला, "सर, छोटंसं टच-अप करून घ्या, ८०० ग्राफ्ट, जुन्या पेशंटला सवलत आहे." दादा मला बरोबर घेऊन गेला. मी इंजिनिअरिंगला आहे म्हणून मला प्रश्न विचारता येतात असा त्याचा समज. (माझ्या ओरल्सचे मार्क त्याने पाहिलेले नाहीत.)

तिथे एका ताईंनी पेन्सिलने दादाच्या डोक्यावर भराभर खुणा केल्या. मी विचारलं, आठ महिन्यांत रिझल्ट पूर्ण येतो का? "येतो ना सर." मूळचे केस किती शिल्लक आहेत? "ते डॉक्टर सांगतील." डॉक्टर चार मिनिटं आले, त्यातली दोन फोनवर होते. तारीख मात्र लगेच मिळत होती!

बाहेर पडल्यावर मी हट्टाने त्याला एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे नेलं. त्यांनी लेन्स लावून डोकं स्क्रीनवर दाखवलं आणि आमचे डोळे उघडले. लावलेले केस जाड आणि ठणठणीत होते. त्यांच्या मधले आणि मागचे, म्हणजे दादाचे मूळचे केस, धाग्यासारखे बारीक होत चालले होते. म्हणजे फट पडली ती ट्रान्सप्लांट फसल्यामुळे नाही, तर मूळचं गळणं थांबलंच नाही म्हणून. ट्रान्सप्लांटने गळणं थांबत नाही, हे दादाला पैसे भरून आठ महिने झाल्यावर कळलं.

दुसरी गोष्ट वेळेची. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक गळतातच, मुळं तेवढी आत राहतात. तीन-चार महिन्यांनी नवे फुटायला लागतात, आधी बारीक, मग हळूहळू जाड. पूर्ण चित्र दिसायला साधारण वर्ष लागतं, माथ्यावर त्याहून जास्त. मित्रांनो, हीट ट्रान्सफरच्या लॅबमध्ये आपण काय करतो? थर्मोकपलचं रीडिंग हलत असताना, घरी जायची घाई म्हणून, "सर, स्टेडी स्टेट आली" असं ठोकून देतो. जर्नल चेक होऊन जातं. डोक्यावर हीच चलाखी केली तर मात्र जर्नल आयुष्यभर वागवावं लागतं.

आणि मुख्य मुद्दा हिशोबाचा. ट्रान्सप्लांट म्हणजे नवे केस तयार करणं नव्हे, बदली आहे. मागच्या आणि बाजूच्या केसांवर डीएचटीचा फारसा परिणाम होत नाही आणि ते पुढे लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी हे १९५९ साली मांडलं, त्यावरच हा सगळा धंदा उभा आहे. पण मागून काढलेलं मूळ तिथे परत उगवत नाही. मॅडम म्हणाल्या, मागची बाजू विरळ न दिसता आयुष्यभरात ढोबळमानाने पाच-सहा हजार ग्राफ्ट निघतात, कुणाचे कमी, कुणाचे जास्त. सहा हजार धरा. दादाचे २४०० गेले, उरले ३६००. टच-अपला ८०० दिले की २८००. वय २६! आमच्या आजोबांच्या डोक्याला कानांच्या वर फक्त एक झालर होती. दादा त्यांच्याच वाटेने गेला तर चाळिशीत तो उघडा माथा कशाने झाकणार? ही अशी एफडी आहे जिच्यात नवा रुपया कधीच पडत नाही आणि व्याजही नाही. क्लिनिकच्या ताईंनी या एफडीचं नावही काढलं नाही.

शिवाय मूळचे केस अजून उभे आहेत तिथेच पुन्हा छिद्रं पाडली, की आधीच अशक्त झालेले शेजारी धक्क्याने गळू शकतात. काही परत येतात, काही नाही.

"छोटंसं" या शब्दाचाही मला राग आहे. २०१६ मध्ये चेन्नईत २२ वर्षांचा एक मेडिकलचा विद्यार्थी, शेवटच्या वर्षाचा, ट्रान्सप्लांटनंतर वारला. आपल्याच वयाचा, आणि स्वतः डॉक्टर होणार होता. असे प्रकार क्वचित होतात हे खरं. पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये सांगावं लागलं, की हे काम प्रशिक्षित डॉक्टरांचं आहे आणि व्हिडिओ बघून ते शिकता येत नाही. असं सांगावं लागलं म्हणजे काय चाललं होतं ते समजा.

मी टच-अपच्या विरोधात नाही. वर्ष-सव्वा वर्ष झालं, एखाद्या पट्ट्यात लावलेले केस खरंच आले नाहीत, किंवा रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ आली, तर ती दुरुस्त करून घेण्यात लाज कसली? पण आधी गळणं थोपवा. त्यासाठी लावायचं मिनॉक्सिडिल आहे, फिनास्टेराइडची गोळी आहे. तिचे दुष्परिणामही आहेत, म्हणून ती डॉक्टरला विचारून, रूममेटला नाही. मग मोजा, मग ठरवा.

हे सगळं मी परतताना बाइकवर मागे बसून दादाला ऐकवलं. तो बराच वेळ गप्प होता. चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये म्हणाला, "तुला बोलायला काय जातं? तुझे आहेत."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण फर्स्ट इयरला आमच्या विंगमध्ये एकाला "एअरपोर्ट" हे नाव मीच ठेवलं होतं. सगळे हसले, तोही हसला. नंतर तो मेसमध्येही टोपी घालून यायला लागला, तेव्हा त्यावरही मीच विनोद केला. क्लिनिकवाल्यांना गिऱ्हाईक कोण पुरवतं, हा प्रश्न मी या लेखात विचारायचा टाळत होतो. आणि खरं सांगायचं तर गेल्या सेमपासून माझ्या उशीवरही केस दिसतात. मी ते रूममेट उठायच्या आत झटकतो.

दादाने ती तारीख रद्द केलेली नाही, पुढे ढकललीये. दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलंय. दर महिन्याच्या १ तारखेला, त्याच ट्यूबलाइटखाली, त्याच खुर्चीत त्याचा वरून फोटो काढायचं काम माझ्याकडे आहे. मागच्या दोन फोटोंत मला काहीच फरक दिसला नाही. त्याला दिसला म्हणे. चांगला की वाईट, ते त्याने सांगितलं नाही.

– टी.ई. (मेकॅनिकल), मुलांचे वसतिगृह