भिंतीवरचा मुखवटा आणि गायब केलेला माणूस

‘जुना, हातानं कोरलेला अकान लाकडी मुखवटा, भिंतीच्या सजावटीसाठी.’ अशा जाहिराती ऑनलाइन बाजारात दिसतात. वर्धा-हिंगणघाटात बसूनही असा मुखवटा मागवता येतो. नवं घर बांधणाऱ्या आपल्या नोकरदार तरुणांनाही अशी सजावट आवडू लागली आहे. त्यात गैर काय, असं कुणी विचारेल. मुखवट्यात गैर काहीच नाही. पण जाहिरात नीट वाचा. लाकूड सांगितलं, जुनेपण सांगितलं, हातानं कोरलं हेही सांगितलं. तो हात कुणाचा, एवढंच सांगितलेलं नाही.

अकान हा पश्चिम आफ्रिकेतल्या घाना आणि आयव्हरी कोस्ट या देशांतला मोठा भाषिक समूह. अशांती, फांती, बाउले हे त्यातलेच. मुखवटे कोरण्यात बाउले विशेष प्रसिद्ध. त्यांच्या ‘म्ब्लो’ नृत्यातले काही मुखवटे गावातल्या एखाद्या मानाच्या व्यक्तीच्या गौरवासाठी कोरले जातात आणि नाचात ती व्यक्ती त्या मुखवट्याबरोबर उभी राहते. म्हणजे कोरणाऱ्याला नाव आहे, ज्याचा चेहरा आहे त्यालाही नाव आहे. बाजार ही दोन्ही नावं पुसतो आणि ‘आदिवासी कला’ अशी चिठ्ठी चिकटवतो.

हे पुसणं जुनं आहे. १८७४ मध्ये इंग्रजांनी अशांतींची राजधानी कुमासी लुटली. तिथलं सोनं लंडनच्या संग्रहालयांत ‘कला’ म्हणून मांडलं गेलं. २०२४ मध्ये त्यातल्या काही वस्तू घानात परत गेल्या, पण उसन्या. त्याच वर्षी साताऱ्यात आलेली वाघनखंही लंडनहून तीन वर्षांच्या बोलीवर आली. ज्याचा माल, त्यालाच उधारी!

पण बोट फक्त इंग्रजांकडे दाखवून भागणार नाही. आपल्या जव्हार-मोखाड्यात कोकणा, वारली आदिवासी बोहाड्याचे मुखवटे घालून रात्र रात्र नाचतात. ते मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता कागदाच्या लगद्याचेही असतात. मुखवटा शहरातल्या बंगल्याच्या भिंतीवर चढतो. तो घालणारा माणूस मात्र वनहक्काच्या दाव्यासाठी सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. मिरवणुकीत हलगी वाजवणारा सगळ्यांच्या पुढे आणि पंगतीत सगळ्यांच्या बाहेर, हे आपण गावोगाव पाहिलं आहे. कला हवी, कलावंत नको, हा जातिव्यवस्थेचाच कायदा आहे.

हस्तकलेच्या गौरवाशी वर्ध्याचं नातं जुनं आहे. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये इथेच उभा राहिला, मगन संग्रहालय १९३८ मध्ये सुरू झालं, नालवाडीत चर्मालय चाललं. हातानं केलेल्या कामाला प्रतिष्ठा मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. पण १९३६ मध्ये, ज्या वर्षी गांधीजी सेगावात राहायला गेले त्याच वर्षी, बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या प्रबंधात मुळावर बोट ठेवलं : जात ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. चामडं कमावण्याला प्रतिष्ठा देऊन चामडं कमावणाऱ्याला प्रतिष्ठा मिळत नाही. त्याला ते काम नाकारण्याचा हक्क लागतो, त्याच्या मुलाला दुसरं काम निवडण्याचा हक्क लागतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो : लोकांनी मुखवटे घेतले नाहीत तर कारागीर खाणार काय? प्रश्न खरा आहे. म्हणूनच खरेदी थांबवा असं मी म्हणत नाही. घ्या, पण विचारून घ्या. कुणी कोरला? त्याच्या हाती किती पडले? विकायला केलेला आहे की कुणाच्या विधीतून उचललेला? ‘जुना’ म्हणतात तो खरंच जुना, की काजळी फासून जुना केलेला? विक्रेत्याकडे उत्तर नसेल, तर पैसे खिशात ठेवा. आणि कारागिराची कला जपण्याच्या नावाखाली त्याच्या लेकराला त्याच पटाशीशी बांधू नका. त्याला वसतिगृह आणि शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी म्हणूनही भांडा.

आफ्रिकी माणसाशी आपलं नातं दिवाणखान्याचं नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं, ते दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य ओळखून. १९७२ मध्ये दलित पँथरनं नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. त्यांनी तिकडचा लढा घेतला, आपण तिकडची शोभेची वस्तू घेऊन थांबणार का? वर्ध्यात, नागपुरात शिकायला येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्याला घर भाड्यानं देताना आपले हात आखडत असतील, तर भिंतीवरच्या त्या मुखवट्याला काही अर्थ नाही. आधी माणसाला दार उघडा. खिळा नंतर ठोका.

जयभीम!