कवायत घेतली, शाळा राहिली

परगावचे मित्र आमच्या फलटणला गमतीने 'पलटण' म्हणतात. दोन्ही नावांचा संबंध काही नाही. पण पलटण हा शब्द परका, एवढे खरे. कप्तान, गारदी हेही तसेच. शब्दांबरोबर लढण्याची रीतही आली, आणि गनिमी कावा सोडून फिरंगी कवायत धरली म्हणूनच मराठेशाही बुडाली, असे वक्तृत्वस्पर्धेपासून गावच्या पारापर्यंत ठासून सांगितले जाते. मला ते पटत नाही.

पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारदी फ्रेंच धर्तीच्या पलटणी घेऊन लढला, जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला व मारला गेला. कवायतीने तेथे दगा दिला नाही. पुढे १७८४ पासून महादजी शिंद्यांनी साव्हॉय प्रांतातील डी बॉईनकडून कवायती कंपू उभारून घेतले. आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या. दुआबातला मुलूख तोडून दिल्यामुळे शिपायाला पगार वेळेवर मिळू लागला. वक्ते ही पगाराची गोष्ट का गाळतात कोण जाणे! १७९० साली या कंपूंनी पाटण (आपल्या जिल्ह्यातले नव्हे, राजपुतान्यातले) आणि मेडता येथे जय मिळवला.

मग १८०३ मध्ये काय झाले? दौलतरावांचा सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. इंग्रज सरकारने जाहीरनामा काढताच शिंद्यांच्या चाकरीतले इंग्रज अंमलदारही निघून गेले. शिपाई मात्र गेले नाहीत. २३ सप्टेंबरला असईवर त्यांनी वेलस्लीची दीड हजारांवर माणसे मारली वा जखमी केली. १ नोव्हेंबरला लासवारीवर ते पुन्हा तसेच लढले. हे शिपाई बहुतेक उत्तरेकडचे होते, हेही सांगितले पाहिजे.

म्हणजे चूक शिकण्यात नव्हती. जवळजवळ वीस वर्षे शिकूनही कप्तानाची जागा परक्याकडेच राहिली, ही चूक. जपाननेही १८८५ मध्ये मेकेल नावाचा जर्मन शिक्षक आणला. पण त्याला बसवले ते जपानी अधिकाऱ्यांच्या विद्यालयात. तो परत गेला, विद्यालय राहिले. आपल्याकडे जंगी पलटण १७६८ ची, आणि डेहराडूनची अकादमी निघाली १९३२ साली! आजही राफेलसारखे विमान येते तेव्हा आपण किंमत विचारतो. ते उघडून दुरुस्त कोण करणार, हे फारसे कोणी विचारीत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आजोबा शिपाई म्हणून भरती झाले आणि शिपाई म्हणूनच परत आले. चौथीनंतर शाळा सुटली होती, त्यामुळे बढतीची परीक्षा राहिली. गेल्या महिन्यात एन.सी.सी.च्या शिबिरात नकाशावाचन शिकून आलो आणि वहीतल्या उंचीच्या रेषा त्यांना दाखवल्या. चष्मा लावून त्यांनी सगळी वही पाहिली.

"नकाशा साहेबाच्या हातात असायचा," ते म्हणाले. "आम्ही त्याच्या मागनं चालायचो. ही रेघ कशाची रं?"