चावी पोराच्या हातात, जबाबदारी कुणाच्या गळ्यात?

मागच्या ऊस हंगामात आमच्या एका माजी विद्यार्थ्याची अम्मी शाळेच्या ऑफिसात आली. तिला पोराचं बोनाफाईड हवं होतं. कशासाठी, असं क्लार्कने सवयीने विचारलं. "बाल न्याय मंडळात द्यायचंय सर, वय दाखवायला," एवढं म्हणून ती खुर्चीत बसून राहिली. नंतर हळूहळू सगळं सांगितलं. नवरा सौदीत ड्रायव्हर. मोटरसायकल त्याच्याच नावावर, घरी उभी असायची. मगरिबनंतर तिच्या शुगरच्या गोळ्या आणायला तिनेच पोराला पाठवलं. पोर साडेसोळा वर्षांचं. चौकात दोन दोस्त भेटले, ट्रिपल सीट निघाले, आणि वळणावर सायकलवरून घरी चाललेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला धडकले. पोरांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, अल्लाहचा शुक्र. त्या आजोबांचं मांडीचं हाड मोडलं आणि मिरजेला नेऊन ऑपरेशन करावं लागलं.

आम्ही हे लिहितोय ते कुणाच्या घरची बदनामी करायला नाही. सातारा-सांगलीत अशी घरं किती आहेत ते आपल्याला माहीत आहे. वर्गात नववी-दहावीच्या मुलांना विचारलं, गाडी कोण चालवतं, तर आधी कुणी हात वर करत नाही. मग एकजण हसतो आणि निम्मा वर्ग हसतो. शाळेच्या फाटकात गाड्या आणायला बंदी आहे, म्हणून त्या मागच्या गल्लीत लागतात. आम्ही सगळे शिक्षक ती गल्ली ओळखतो, हेही इथे कबूल करायला हवं.

कायदा काय म्हणतो ते आधी नीट पाहू, कारण याबाबत आपल्याकडे ऐकीव माहितीच जास्त आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ४ प्रमाणे १८ वर्षांखालच्या कुणालाही रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. एकच सवलत आहे: १६ पूर्ण झाल्यावर ५० सीसीपर्यंतची मोटरसायकल चालवता येते, तीसुद्धा लायसन्स काढून. "सोळाला चालतं की" असं म्हणणारे चाचा ही पन्नास सीसीची अट सांगत नाहीत. पूर्वीच्या लुना-मोपेडच्या जमान्यात त्या सवलतीला अर्थ होता. आज शोरूममध्ये उभी असलेली साधी स्कूटरही ११० सीसीची असते. म्हणजे ही सवलत आता कागदावरच उरली आहे.

१ सप्टेंबर २०१९ पासून या कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत ना लर्निंग लायसन्स, ना पक्कं. पालकाला सुटायची वाट आहे: मला माहीत नव्हतं किंवा मी सगळी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करायचं. पण ते पालकाने सिद्ध करायचं असतं. तुमच्या संमतीनेच गाडी नेली, असं कोर्ट आधी गृहीत धरतं. आमच्या त्या बहिणीने तर स्वतःच गोळ्या आणायला पाठवलं होतं. ती काय सिद्ध करणार?

या कलमाची चर्चा महाराष्ट्रभर झाली ती १९ मे २०२४ नंतर. पुण्यात कल्याणीनगरला पहाटे सतरा वर्षांच्या मुलाने महागड्या कारने मोटरसायकलला उडवलं आणि दोन तरुण इंजिनिअर गेले. निबंध लिहायच्या अटीवर मिळालेल्या जामिनाची बातमी आपण सगळ्यांनी चवीने वाचली, संतापलो, श्रीमंतांची पोरं म्हणून बोललो. ते बोलणं चूक नव्हतं. पण तेच कलम आपल्या गल्लीतल्या सेकंडहँड मोटरसायकलला जसंच्या तसं लागू आहे हे कुणी बोललं नाही. त्यांच्याकडे वकिलांची फौज होती. आपल्याकडे शाळेचं बोनाफाईड आणायला रिक्षाने येणारी अम्मी असते.

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पंचविशीच्या अटीची. आपल्या समाजात किती घरं स्टिअरिंगवर चालतात ते मोजून पाहा. रिक्षा, टेम्पो, ट्रक, एसटी, आखातातली ड्रायव्हरकी, आता खाणं नि पार्सल पोहोचवायची कामं. या सगळ्याला लायसन्स लागतं. दहावी-बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या मुलाला जी पहिली नोकरी मिळते, ती बऱ्याचदा गाडीचीच. सोळाव्या वर्षी हे कलम लागलं तर तो दरवाजा नऊ वर्षं बंद. बरं, पंचविशीला लगेच ट्रक मिळत नाही. जड वाहनाच्या लायसन्साआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं. म्हणजे सव्वीस. तोवर बरोबरीच्या मुलांना आठ वर्षांचा अनुभव झालेला असतो. दंडाचे २५ हजार उसनवार करून भरता येतात, ही वर्षं कुणाकडून उसनी आणणार?

दुसरी गोष्ट विम्याची. "गाडीचा इन्शुरन्स आहे, काळजी नको," हे वाक्य आम्ही पालक सभेत कितीदा ऐकलंय. विमा कंपनीचा करार मालकाशी असतो आणि गाडी लायसन्सवाल्यानेच चालवावी ही त्यातली अट असते. २००४ च्या स्वर्ण सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने विनापरवाना चालकांचा प्रश्न तपशिलाने पाहिला. तेव्हापासून साधारण रीत अशी: मालकाने जाणूनबुजून लायसन्स नसलेल्याला गाडी दिली हे सिद्ध झालं, तरी जखमी माणसाला भरपाई मिळावी म्हणून कंपनीला आधी पैसे भरायला लावतात, आणि मग कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करते. जखमीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. त्या आजोबांचा यात काय दोष? पण वसुलीची नोटीस येते ती ज्याच्या नावावर आरसी आहे त्याला. आपल्या प्रकरणात ती सौदीतल्या बापाच्या नावाने गावच्या पत्त्यावर येणार.

आरसीवरून आठवलं. मिरज, कराड, विटा, कुठेही जा, जुन्या गाड्यांचा व्यवहार टीटी फॉर्मवर सह्या करून होतो आणि फॉर्म महिनोन्‌महिने डिकीत पडून राहतो. नाव बदलत नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याच्या नजरेत मालक. म्हणजे तुम्ही दोन वर्षांपूर्वी विकलेली गाडी आज कुठलं तरी पोर उडवत असेल, तर पहिला प्रश्न तुम्हालाच. गाडी विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे काम एजंटवर सोडून निवांत झोपणारे आमच्या ओळखीत बरेच आहेत.

आता पोरांची बाजू. ती गाडी का चालवतात? हौस आहेच, पण नुसती हौस नाही. वाडीवस्तीवरून ट्यूशनला यायचं तर एसटीची वेळ जमत नाही. बाप परदेशात किंवा मुंबई-पुण्यात असला की पंधरा वर्षांचा मुलगा घरातला मर्द होतो: दळण, सिलिंडर, आजीचा दवाखाना, बहिणीला कॉलेज. गॅरेजमध्ये शिकायला ठेवलेल्या मुलाला उस्तादच "एक चक्कर मारून ट्रायल घे" म्हणतो. कोवळ्या वयात त्याच्यावर मोठ्यांची कामं टाकायची, आणि अपघात झाला की "पोरं ऐकत नाहीत" म्हणायचं, हे बरोबर नाही. सायकल सातवीत मिळते आणि नववीत लाज वाटते म्हणून पडून राहते, ही लाज पोराला कुणी शिकवली?

काही पालकांनी बॅटरीच्या स्कूटरचा रस्ता काढलाय. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि २५० वॅटपेक्षा कमी ताकद असलेली गाडी कायद्याने मोटार वाहनात धरत नाहीत. तिला लायसन्स-नोंदणी लागत नाही. हे खरं आहे. पण वेग वाढवून घेतलेली गाडी या सवलतीतून बाहेर पडते, आणि मग वरचं सगळं कलम तिला लागतं. विकणारा "पन्नासने पळते" म्हणून कौतुक सांगत असेल तर तिथेच समजायचं.

अठरा पूर्ण झाल्यावर तरी सगळं ठीक होतं का? आमच्या मते इथे सरकारचीही मोठी कसूर आहे. लर्निंग लायसन्स आता आधार नंबरावर घरबसल्या मिळतं. परीक्षेत साठ टक्के मिळाले की झालं. उत्तरं पोराने दिली की शेजारी बसलेल्या मामूने, ते अल्लाहलाच माहीत. मग ३० दिवसांनी, सहा महिन्यांच्या आत, आरटीओच्या मैदानात आठाचा आकडा काढून दाखवायचा. मोटरसायकल शिकण्यासाठी कुठल्या ट्रेनिंगची सक्ती नाही. आणि हा आठ शंभर सीसीच्या गाडीवर काढला तरी मिळालेल्या लायसन्सवर हजार सीसीचीही चालवता येते, कारण आपल्याकडे फरक आहे तो फक्त गिअर आणि विनागिअर एवढाच. युरोपात सोळाव्या वर्षापासून १२५ सीसी, अठराला मध्यम ताकदीची, आणि मोठी गाडी दोन वर्षांच्या अनुभवानंतर किंवा चोवीस वर्षांचा झाल्यावर, अशा पायऱ्या आहेत. मलेशियात नव्या चालकाला पहिली दोन वर्षं कच्चं लायसन्स असतं. आपल्याकडे पायऱ्याच नाहीत. म्हणून अठराव्या वाढदिवसाला थेट दोनशे सीसीची मागणी होते, आणि मंगनीत सासरकडून तीच मिळते.

लर्निंगच्या सहा महिन्यांचेही नियम आहेत. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा, पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस. मागे बसेल तर फक्त शिकवणारा, पक्कं लायसन्स असलेला. दोस्त नाही, बहीण नाही, अम्मीसुद्धा नाही. लर्निंगवर घरच्यांना बसवून नातेवाइकांच्या शादीला जाणारी किती मुलं आपण पाहतो!

आपल्या भागातले रस्ते तर नवशिक्यासाठी परीक्षाच आहेत. पुणे-बेंगळुरू हायवे खंबाटकीपासून साताऱ्याला वळसा घालून कराड, पेठ नाक्यावरून पुढे जातो. गावं दोन्ही बाजूंना, मशीद एकीकडे, शाळा दुसरीकडे, आणि सर्व्हिस रोडवरून उलट येणं ही सगळ्यांची सवय. ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात, मागे रिफ्लेक्टर नसताना उभे असतात. ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास सतरा मीटर जाते. ट्रॉली दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंतच तो सेकंद गेलेला असतो. सराईत माणूस दुरूनच अंदाज घेतो. नवशिका हेडलाइटच्या उजेडावर भरवसा ठेवतो.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले पन्नास हजारांवर, आणि त्यात चौदा हजारांहून जास्त मागे बसलेले. हा मागे बसलेल्यांचा आकडा आपल्या घरांसाठी महत्त्वाचा आहे. हेल्मेट चालवणाऱ्यालाच लागतं ही समजूत चूक आहे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे, बुरख्यातल्या बहिणीलाही. सूट फक्त पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना. नमाजची टोपी ही सूट नव्हे, हे एकदा जुम्म्याच्या बयानात सांगितलं तर बरं होईल. स्कार्फवर हेल्मेट बसतं, थोडा मोठा नंबर घालून पाहावा लागतो इतकंच. बुरख्याचा घेर आणि ओढणी मागच्या चाकात अडकू नये म्हणून चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी गाडीला असणं नियमातच आहे. पोरं "लूक" जातो म्हणून ती जाळी पहिल्या आठवड्यात काढतात. बाप गाडी धुताना हे बघतो, बोलत नाही.

रमजानच्या रात्री आणि शब-ए-बारातला रस्त्यावर काय चालतं, त्यावर वेगळं लिहायची गरज नाही. तरावीहनंतर सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा आवाज मशिदीच्या ट्रस्टींनाही ऐकू येतो. एका गावात जमातीने तरावीहला येणाऱ्या अठराखालच्या मुलांच्या चाव्या दारातच जमा केल्या आणि बापाच्याच हातात परत दिल्या. चार दिवस कुरकूर झाली, पाचव्या दिवशी मुलं चालत यायला लागली.

त्या अम्मीचं प्रकरण अजून चालू आहे. बोनाफाईड आम्ही दिलं. पोराचा लहान भाऊ आमच्याकडे आठवीत आहे. गाडी पोलीस स्टेशनातून सुटलेली नाही, म्हणून गोळ्या आणायला तो चालत जातो. येत्या पालक सभेत आम्ही प्रगतिपुस्तकावर सही घेण्याआधी पालकांना आपापल्या गाडीची आरसी आणि विम्याचा कागद सोबत आणायला सांगणार आहोत. गाडी कुणाच्या नावावर आहे आणि घरात ती कोण-कोण चालवतं, ते तिथेच बसून बघू.